सोसल्याने सारे माफ होते का?

साहित्याचा विद्यार्थी फिरून फिरून ज्या प्रश्नापाशी येऊन थांबतो तो असा: ज्याने आयुष्यभर हालअपेष्टा सोसल्या, अपमान गिळले, त्याने पुढे कुणाचा विश्वासघात केला तर त्याच्या सोसण्याकडे पाहून आपण त्याला माफ करायचे का? कथा-कादंबरी वाचताना हा निवाडा आपण नकळत करतच असतो. पात्राचे बालपण हलाखीत गेले, जवळच्यांनीच त्याला दगा दिला, हे लेखकाने एकदा मनावर ठसवले की त्याच्या पुढच्या वागण्याला आपल्याकडून आधीच सूट मिळून जाते. हा प्रश्न धर्माचाही आहे, कारण दुःखाला आपल्या परंपरेने नेहमीच एक पावित्र्य दिले आहे. तप म्हणजे सोसणे, संत म्हणजे सोसून उजळलेला माणूस, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. मग सोसणे हे पुण्य असेल तर त्या पुण्यातून पाप वळते करता येते का? या प्रश्नाच्या मुळाशी महाभारत जितके जाते तितका दुसरा ग्रंथ मला माहीत नाही. मराठी वाचकाला तर तो कर्णाच्या रूपाने चांगलाच परिचयाचा आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, आणि त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. एका पुस्तकाने कर्ण घराघरांत पोचवला. दुसऱ्याने महाभारतातल्या माणसांकडे भाबडेपणा सोडून पाहायला शिकवले. या दोन वाचनांमध्ये उभे राहून विचार केला की मला एक गोष्ट पटते: हाल माणसाला स्वतःबद्दलचे सत्य लपवण्याची मुभा देऊ शकतात, पण दुसऱ्याच्या विश्वासाचे शस्त्र करण्याची मुभा ते कधीच देत नाहीत. ही सीमा मी बाहेरून आणून महाभारतावर लादत नाही. त्यातल्या घटनाच ती आखून देतात.

शांतिपर्वातला एक प्रसंग या दृष्टीने फार जवळून पाहण्यासारखा आहे. युद्ध संपले आहे, कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्याने युधिष्ठिर खचला आहे, आणि नारद त्याला कर्णाची जुनी कथा सांगत आहेत. द्रोणांनी कर्णाला ब्रह्मास्त्र शिकवायला नकार दिला. कारण सांगितले ते अधिकाराचे: हे अस्त्र व्रतस्थ ब्राह्मणाला किंवा तपस्वी क्षत्रियालाच कळावे. सूतपुत्रासाठी दार बंद झाले. मग कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि आपण भृगुकुळातले ब्राह्मण आहोत असे सांगून शिष्य झाला. एके दिवशी उपवासाने थकलेले गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले असताना एका किड्याने त्याची मांडी पोखरली. रक्त वाहू लागले, पण गुरूंची झोप मोडेल म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागे झाले, आणि एवढी वेदना निमूट सोसणारा हा मुलगा ब्राह्मण असणे शक्य नाही हे त्यांनी ओळखले. या एका प्रसंगात सोसणे आणि फसवणूक अक्षरशः एकाच मांडीवर आहेत. ज्या गुरूला तो फसवतो आहे त्याच्याच झोपेसाठी तो रक्त सांडतो आहे, आणि त्या सोसण्यामुळेच फसवणूक उघडी पडते. व्यासांनी सोसण्याला खोटे ठरवले नाही आणि खोट्यालाही सोसण्याच्या आड दडू दिले नाही. परशुराम शाप देतात की ऐन मृत्यूच्या वेळी हे अस्त्र तुला आठवणार नाही. आणि त्याच बोलण्यात, युद्धात तुझ्या तोडीचा क्षत्रिय पृथ्वीवर नसेल, असेही सांगतात. दोष आणि गुण दोन्ही एकाच श्वासात मोजले जातात, एकाची दुसऱ्यातून वजाबाकी होत नाही.

इथेच पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. ज्याला जन्मावरून विद्येचे दार बंद केले गेले, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्या दाराच्या राखणदारांना उरतो का? मराठी साहित्यात हा आक्षेप बाबुराव बागुलांनी फार ताकदीने मांडला आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षककथेतला दलित तरुण परक्या गावी नोकरीसाठी जातो, जात लपवून राहतो, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. या कथेत विश्वासघात कोणी केला? त्याला आपला मानणाऱ्यांची त्याने फसवणूक केली, असे मारणारे म्हणतील. पण ज्या समाजात खरे बोलण्याची शिक्षा उपाशी राहणे किंवा मार खाणे हीच असते, तिथे सत्य सांगण्याचा करार मुळात झालेलाच नसतो. विश्वास दोन्ही बाजूंनी असावा लागतो. मी खरे बोललो तर तू मला चिरडणार नाहीस, ही हमी जिथे नाही, तिथे लपवणारा माणूस कुणाचा विश्वास मोडत नाही, तो केवळ स्वतःला वाचवतो. म्हणून परशुरामांसमोर खोटे बोलणाऱ्या कर्णाला मी दोषी मानू शकत नाही, आणि शाप मिळाला म्हणजे दोष सिद्ध झाला असेही मानत नाही. त्या शापात कर्णाचा अपराध जितका दिसतो तितकाच जन्मावरून विद्या वाटणाऱ्या व्यवस्थेचाही दिसतो. ज्या द्रोणांनी एकलव्याकडून अंगठा मागून घेतला, त्यांच्या जगात निष्कपट शिष्याचे काय होते हे आपण पाहिलेलेच आहे. हाल सोसणाऱ्याला मिळणारी मुभा इथपर्यंत खरी आहे आणि ती मनापासून दिली पाहिजे.

पण त्या मुभेचे क्षेत्र कुठे संपते तेही पाहिले पाहिजे. ते संपते द्यूतसभेत. द्रौपदीला फरफटत आणल्यावर तिच्या प्रश्नाला भीष्म-द्रोण नीट उत्तर देत नाहीत. धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उभा राहून ती जिंकली गेलेली नाही असे स्पष्ट सांगतो. त्याला पोरकट ठरवून गप्प करणारा कर्ण आहे, द्रौपदीला कुलटा म्हणणारा कर्ण आहे, आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरव असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. कर्णावरच्या लोकप्रिय कथनांत याचे एक कारण दिले जाते: स्वयंवरात द्रौपदीने भर मंडपात ‘सूताला वरणार नाही’ असे म्हणून त्याचा अपमान केला होता, त्या जखमेचा हा सूड. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली तर मात्र द्रौपदीचे ते उद्गार मुख्य संहितेत सापडत नाहीत. ते उत्तरकालीन भर म्हणून बाहेर काढले गेले आहेत. मला हा तपशील फार बोलका वाटतो. कर्णाने सभेत जे केले ते सहन न झाल्याने कुणीतरी नंतर त्याच्यासाठी एक जखम शोधून काढली. त्याला सूट द्यायची तर आधी त्याला पुरेसे दुखावले पाहिजे, हा आपल्या वाचनाचा स्वभाव हस्तलिखितांच्या काळापासून चालत आला आहे. आणि समजा, तो अपमान खरोखर झाला होता, तरी काय? सभेतल्या द्रौपदीने त्याच्यासाठी कोणतेही दार बंद केलेले नव्हते. ती तिथे सर्वांत असहाय होती. स्वतःला वाचवण्यासाठी लपवणे वेगळे, आणि आपल्या दुःखाची वसुली तिसऱ्याच माणसाकडून करणे वेगळे. गुरूच्या झोपेसाठी मांडी पोखरू देणारा आणि एका बाईच्या वस्त्राला हात घालायला सांगणारा माणूस एकच आहे. यावरून एवढे नक्की कळते की सोसण्याने माणूस कणखर होतो, पण आपोआप चांगला होत नाही.

सोसणे हा परवाना मानला की काय होते हे महाभारताने एका लांब साखळीतून दाखवले आहे, आणि ती साखळी दुधाच्या एका वाटीपासून सुरू होते. द्रोण गरीब होते. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा इतर मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले. ते पिऊन, मी दूध प्यालो म्हणून तो आनंदाने नाचू लागला आणि मुले त्याला हसू लागली. बापाने ते पाहिले. गुरुकुलातला मित्र द्रुपद आता पांचालांचा राजा झाला होता. राज्य मिळाले की ते आपण दोघांनी भोगायचे, असे त्यानेच लहानपणी म्हटले होते. त्या मैत्रीवर विश्वास ठेवून द्रोण त्याच्याकडे गेले आणि द्रुपदाने त्यांना, मैत्री बरोबरीच्यांत होते, राजाची आणि दरिद्र्याची नाही, असे सुनावून परत पाठवले. हलाखी आणि विश्वासघात एकाच दिवशी पदरी पडणे म्हणजे काय, हे यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. वाचक इथे पूर्णपणे द्रोणांच्या बाजूचा असतो आणि असायलाही हवा. पण पुढे द्रोण काय करतात? शिष्यांना गुरुदक्षिणा मागतात ती द्रुपदाला बांधून आणण्याची, आणि त्याचे अर्धे राज्य ठेवून घेतात. अपमानित द्रुपद यज्ञ करून द्रोणांना मारणारा मुलगा मिळवतो, तो धृष्टद्युम्न. म्हणजे ज्याने पहिला विश्वास मोडला, तोही आता स्वतःला पीडित समजू लागतो. साखळीची प्रत्येक कडी अशीच आहे. प्रत्येकाकडे दाखवायला एक खरी जखम आहे, आणि प्रत्येकजण ती दाखवून पुढची जखम करतो. यांतला एकही माणूस स्वतःला अन्यायी मानत नाही. प्रत्येकाच्या हिशेबात तो फक्त जुने येणे वसूल करतो आहे.

या साखळीची सर्वांत कठीण कडी म्हणजे युधिष्ठिराची. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोण आवरेनात, तेव्हा मुलगा मेला असे कळले तरच ते शस्त्र खाली ठेवतील, असा सल्ला कृष्ण देतो. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेल्याची आरोळी ठोकतो. द्रोणांचा भीमावर विश्वास बसत नाही. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण तिन्ही लोकांच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री आहे. युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगतो आणि हत्ती हा शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. परशुरामांपुढच्या कर्णात आणि द्रोणांपुढच्या युधिष्ठिरात अंतर आहे ते इथे. कर्णाने लपवले ते स्वतःला वाचवण्यासाठी, आणि त्या लपवण्याने परशुरामांचे काही हिरावले गेले नाही. युधिष्ठिराच्या वाक्यात मात्र ताकद होती ती द्रोणांच्या विश्वासाची. तेच वाक्य भीमाच्या तोंडी निकामी ठरले होते. म्हणजे बाण युधिष्ठिराचा नव्हता, द्रोणांनी आयुष्यभर आपल्या शिष्याबद्दल जपलेला आदरच त्यांच्यावर सोडला गेला. विश्वासघाताची माझ्या मते हीच खूण आहे, आणि म्हणूनच तो उघड वैरापेक्षा अधिक भयंकर असतो. वैरी आपल्या दुबळेपणावर घाव घालतो. विश्वासघातकी आपल्यातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीवर घाव घालतो, म्हणजे माणसावर भरवसा टाकण्याच्या शक्तीवर. महाभारताने याची नोंद ठेवली आहे: तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला.

यावर दुसरा आक्षेप येतो तो परिणामांचा. पांडवांनी काय कमी सोसले होते? लाक्षागृह, द्यूत, बारा वर्षांचा वनवास, वर्षभराचा अज्ञातवास, अभिमन्यूचा वध. समोर अन्यायाचे राज्य होते आणि द्रोण त्या राज्याचे सेनापती होते. एका अर्धसत्याने ते थांबत असतील, तर युधिष्ठिराने स्वतःच्या नावाचा डाग वाचवण्यासाठी हजारो माणसे मरू द्यायची होती का? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, कृष्णासारखा सल्लागार त्याच्या पाठीशी आहे. पण परिणामांवर न्याय करायचा, तर परिणाम शेवटपर्यंत मोजले पाहिजेत. द्रोणांना जिवंत आणा, मारू नका, असे अर्जुन ओरडत असतानाच धृष्टद्युम्नाने शस्त्र टाकलेल्या, ध्यानस्थ बसलेल्या वृद्धाचे डोके कापले. तीनच दिवसांनी अश्वत्थामा रात्रीच्या अंधारात पांडवांच्या छावणीत शिरला. कृपाचार्यांनी त्याला परोपरीने अडवले होते. झोपलेल्यांना मारणे हा धर्म नाही, असे सांगितले होते. अश्वत्थाम्याचे उत्तर एकच होते: धर्माचा बांध पांडवांनीच आधी फोडला, माझा बाप शस्त्र खाली ठेवल्यावर मारला गेला. धृष्टद्युम्नाला त्याने शस्त्राने मरण्याचाही मान दिला नाही, लाथांनी मारले. द्रौपदीचे पाचही मुलगे त्या रात्री गेले. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने द्रोण पडले हे खरे, पण त्याच अर्धसत्याने अश्वत्थाम्याच्या हाती त्याची सबब दिली हेही तितकेच खरे. पिठाचे पाणी पिऊन नाचणारा मुलगा इथे येऊन पोचला. त्याच्याइतके दुःख आणि त्याच्याइतका विश्वासघात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल, आणि तरीही महाभारत त्याला माफ करत नाही. तीन हजार वर्षे एकट्याने, रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह भटकण्याचा शाप त्याला मिळतो. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या लोकश्रद्धेत आजही जिवंत आहे, आणि त्याच्याविषयी आपल्याला भीतीइतकीच कीवही वाटते. कीव आणि दोष दोन्ही मनात एकत्र राहू शकतात, हे आपल्या लोकमानसाने कधीच ओळखले आहे.

तिसरा आक्षेप दैवाचा. आपल्याकडे तो विशेष जोराने केला जातो. पूर्वकर्मामुळे हाल आणि हालांमुळे पुढची कृत्ये, अशी सारी गाठ आधीच मारलेली असेल, तर विश्वासघात करणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? कर्णाकडे दैवाची मूर्ती म्हणून पाहणारे वाचक पुष्कळ आहेत. पण उद्योगपर्वात दैवाने कर्णापुढे एक दार सताड उघडलेले आहे, आणि तो तिथे काय करतो हे पाहण्यासारखे आहे. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात बसवून नेतो, त्याचा जन्म सांगतो, आणि पांडवांचा ज्येष्ठ भाऊ म्हणून राज्य देऊ करतो. आयुष्यभर ज्या ओळखीसाठी तो जळला ती ओळख समोर आहे. कर्णाच्या उत्तरात मात्र तक्रार नाही, आठवण आहे: अधिरथाने त्याला घरी नेले तेव्हा राधेला मायेने पान्हा फुटला, तिने त्याचे मलमूत्र काढले. त्या माणसांचे पिंड तो कसा तोडणार? आणि दुर्योधनाने आपल्या भरवशावर युद्ध उभे केले आहे, त्याला आता कसे सोडणार? सोन्याचे ढीग किंवा भय यांपैकी काहीही आपल्याला शब्द मोडायला लावणार नाही, असे तो सांगतो. याच संवादात, दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना जे कडू बोललो त्याचा आता पश्चात्ताप होतो, असेही तो कबूल करतो. पराभव होणार हे त्याला दिसते आहे. जन्मदात्या आईने ज्याला पाण्यात सोडले त्याच्याइतके विश्वास मोडण्याचे सबळ कारण कुणाकडे होते? तरीही तो मोडत नाही. त्याच्या हालांनी त्याला भाग पाडले असे म्हणायला इथे जागाच उरत नाही. हाल तेच, माणूस तोच. सभेत एक निवड, कृष्णाच्या रथात दुसरी. निवड करता येते याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

मग अन्यायी माणसाशी राखलेली निष्ठा हा सद्गुण म्हणायचा का? हा प्रश्न टाळून माझा युक्तिवाद पुरा होत नाही, कारण विश्वासघात वाईट म्हणजे बाजू कधीच सोडू नये, असा त्याचा सोपा अर्थ कुणी काढेल. महाभारताने या प्रश्नासाठी निरनिराळ्या वाटांनी गेलेली माणसे शेजारी शेजारी उभी केली आहेत. विकर्ण सभेत खरे बोलला, पण लढला भावाच्याच बाजूने आणि मेला. त्याला मारणाऱ्या भीमालाही वाईट वाटले. शल्य पांडवांचा मामा, पण वाटेतल्या सरबराईला भुलून दुर्योधनाला शब्द देऊन बसला. मग युधिष्ठिराच्या सांगण्यावरून कर्णाचे सारथ्य पत्करून त्याचे तेज खच्ची करण्याचे त्याने गुपचूप कबूल केले. हे करू नये असे काम आहे, हे मागणी करताना खुद्द युधिष्ठिरानेच म्हटले होते. आणि तिसरा युयुत्सू. तोही धृतराष्ट्राचाच मुलगा, पण दासीच्या पोटचा, म्हणजे जन्माचा कमीपणा कर्णासारखाच वाट्याला आलेला. युद्ध सुरू होण्यापूर्वी, आमच्याकडे कुणाला यायचे आहे का, असे युधिष्ठिराने मोठ्याने विचारले. त्यावर दोन्ही सैन्यांच्या देखत युयुत्सू कौरवांची बाजू सोडून पलीकडे गेला. त्याला कुणी विश्वासघातकी म्हणत नाही. धृतराष्ट्राच्या मुलांत शेवटी तोच एक उरला आणि पांडव निघून गेल्यावर राज्याची काळजी त्याच्यावर सोपवली गेली. शल्य कौरवांतच राहिला, तरी त्याने दगा दिला. युयुत्सू सोडून गेला, तरी त्याने दगा दिला नाही. फरक बाजूचा नाही, उघडपणाचा आहे. ज्याने माझ्यावर विसंबून राहायचे ठरवले आहे, त्याला मी आता विसंबण्याजोगा नाही हे वेळेवर आणि तोंडावर सांगणे, एवढे पाळले की अन्यायी माणसाला सोडणे हा धर्मच आहे. या कसाला कर्णही पूर्ण उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. अर्जुनाखेरीज तुझ्या कुठल्याही मुलाला मारणार नाही, असे वचन त्याने कुंतीला दिले आणि युद्धात हाती सापडलेले पांडव सोडून दिले. दुर्योधनाला याचा पत्ता नव्हता. दुर्योधनाचा भरवसा ज्याच्यावर होता, त्याने त्या भरवशातला एक वाटा परस्पर दुसरीकडे देऊन टाकला. करुणेपोटी दिला, तरी परस्परच दिला.

शेवटचा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. साहित्य म्हणजे न्यायालय नव्हे. पात्रांना दोषी-निर्दोष ठरवत वाचणारा माणूस रसाला मुकतो, लेखकाचे काम समजून घेण्याचे आहे, निकाल देण्याचे नाही, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. पण समजून घेणे म्हणजे सोडून देणे, हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि माझा विरोध तेवढ्यालाच आहे. करुणरसाला निर्दोष माणूस लागत नाही. उलट, अश्वत्थामा निर्दोष असता तर त्याच्या कथेत शोक असता, पण ती तीव्र कालवाकालव नसती. पिठाचे पाणी आठवत असतानाच झोपलेल्या मुलांचे मृतदेह पाहावे लागतात, तेव्हाच वाचकाच्या मनात काहीतरी हलते. दोष पुसून टाकणारा लेखक आपल्या पात्राचे भले करत नाही. तो त्याचे माणूसपण कमी करतो, कारण ज्याला जबाबदार धरता येत नाही तो फक्त परिस्थितीच्या हातातले बाहुले उरतो. कर्णाचे पश्चात्तापाचे वाक्य वजनदार वाटते ते सभेतला कर्ण आपण विसरलेलो नसतो म्हणून. सभा पुसून टाकली तर पश्चात्तापही पुसला जातो. म्हणून हाल आणि विश्वासघात यांवरचे साहित्य वाचताना सहानुभूती आणि निवाडा या दोन्ही गोष्टी जाग्या ठेवाव्यात असे मला वाटते. एकीने दुसरीला झोपवू नये.

महाभारताने स्वतः हेच केले आहे आणि ते आपल्या सर्वांत लाडक्या माणसाच्या बाबतीत केले आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी एकेक करून पडतात, शेवटी युधिष्ठिरासोबत एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला सोडून ये म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. विश्वासाने मागोमाग आलेल्याला टाकणे हे महापाप आहे, या निश्चयापुढे त्याला स्वर्गही नको असतो. द्रोणांच्या विश्वासाचा घात करणारा माणूस आयुष्याच्या अखेरीस एका मुक्या जनावराचा विश्वास मोडायला तयार नाही. इथे त्याचा हिशेब चुकता झाला असे कुणीही म्हटले असते. पण ग्रंथ तिथे थांबत नाही. स्वर्गात गेल्यावर युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो, तिथल्या दुर्गंधीत आपल्या भावांचे आवाज ऐकावे लागतात. आणि इंद्र त्याला कारण सांगतो की तू द्रोणांना मुलाविषयी कपटाने फसवलेस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. वनवास, अपमान, मुलांचे मरण, त्या कुत्र्यासाठी केलेला त्याग, यांतले काहीही त्या एका वाक्याला पुरून उरले नाही. ही शिक्षा क्रूर नाही, थोडाच काळ टिकणारी आहे, आणि तिच्यामुळे युधिष्ठिर धर्मराज राहायचा थांबत नाही. पण ती टळतही नाही. धर्माच्या प्रश्नाला महाभारताने दिलेले हे उत्तर मला पुरेसे स्पष्ट वाटते. सोसण्याचे मोल खरे आहे. ते माणसाला आदर मिळवून देते, लपण्याचा अधिकार मिळवून देते, आपल्या करुणेवर हक्क सांगते. पण दुसऱ्याने आपल्यावर टाकलेला विश्वास हे त्या दुसऱ्याचे धन असते, आणि आपल्या दुःखाची भरपाई त्या धनातून करून घेण्याचा हक्क कुणालाच नसतो, ज्याचे सर्वस्व गेले आहे त्यालाही नाही. ज्या समाजात अजूनही जन्मावरून दारे बंद होतात, तिथे ही कसोटी पीडितांना लावण्याआधी दारे बंद करणाऱ्यांना लावली पाहिजे, कारण पहिला घात बहुतेक वेळा तेच करतात. मात्र साखळी कुठेतरी तुटायची असेल, तर ती जखम असूनही ती पुढे न देणाऱ्या माणसापाशीच तुटेल, आणि साहित्याच्या अभ्यासाने अशा माणसाला ओळखायला व त्याच्या बाजूने उभे राहायला आपल्याला शिकवले नाही, तर तो अभ्यास अपुरा राहिला असेच म्हणावे लागेल.